पाठमोरा ससा

दादा, दहाव्याच्या दिवशी अंबाळा तलावाच्या घाटावर मी जे ओरडलो, त्यामुळे तुमच्याकडची निम्मी नातेवाईक मंडळी अजून माझ्याशी जरा अंतर ठेवूनच बोलतात. त्यांना वाटतं, दुःखानं जावयाचं डोकं फिरलं. तुम्हाला म्हणून खरं सांगतो, डोकं ठिकाणावर होतं. जीभ सुटली.

पिंड मांडून झाले होते. रामटेकची माकडं भिंतीवर बसून पिंडांवर डोळा ठेवून होती आणि त्यांना हाकलायला दोघे जण काठ्या घेऊन उभे होते. कावळे समोरच्या झाडावर होते, पण खाली यायला एकही तयार नव्हता. प्रशांतनं, तुमच्या मुलानं, हात जोडले. "बाबा, आईची काळजी करू नका." कावळे जागचे हलले नाहीत. "बाबा, दुकान बंद नाही करणार." एका कावळ्यानं पंख खाजवला. मग मंदा पुढे झाली, तुमची धाकटी बहीण, माझी बायको. "दादा, मी वहिनीकडे येऊन-जाऊन राहीन," म्हणाली. तरीही काही नाही. ऊन चढलं. गुरुजींनी शांतपणे दर्भ हातात घेतला आणि त्याचा कावळा वळायला लागले. खरा आला नाही की तोच पिंडाला लावून कार्य पुढे नेतात. ते पाहून मंदाचा चेहरा असा झाला की मला बघवेना. दर्भाचा कावळा लावावा लागला म्हणजे माणूस मनात काहीतरी ठेवून गेला, हे तिचं लहानपणापासूनचं पक्कं मत.

आणि मी ओरडलो, "दादा, तो ससाच आहे! माझं घुबड मी मागं घेतो!"

घाटावर एकदम सामसूम. दहाव्याला घुबडाचं नाव! तुमचे म्हातारे काका मान वर करून झाडात घुबड शोधायला लागले. गुरुजींच्या बोटांत दर्भ तसाच राहिला. आणि दादा, तेवढ्यात एक कावळा खाली आला. इकडेतिकडे न पाहता सरळ आला, पिंडाला चोच लावली आणि गेला.

मंदा रडली. पण ते रडणं निराळं होतं, छातीवरचं ओझं उतरल्यासारखं. परतीच्या वाटेवर गाडीत म्हणाली, "पाह्यलं? दादाचा जीव तुमच्या त्या घुबडात अडकला होता."

"सशात," मी म्हटलं.

"तुम्ही चुप बसा."

चुप बसलो. पण दादा, घोटाळा असा की मला तो ससा वाटतच नव्हता. ओरडतानासुद्धा वाटत नव्हता.

हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून लिहावंसं वाटतं. कारण लोक हल्ली मला विचारतात, ससा कोणता, घुबड कोणतं. आणि मी सांगायला लागलो की त्यांना नेमकं कुठेतरी जायचं असतं. तुम्हाला आता तशी घाई नसावी.

लग्नानंतर पहिल्यांदा नागपूरच्या महाल भागातल्या तुमच्या चष्म्याच्या दुकानात आलो, तो नवा जावई म्हणून, कडक इस्त्रीत. काउंटरवर फ्रेमांच्या गर्दीत एक पत्र्याचा मासा पडलेला होता. तुम्ही तो माझ्या हातात दिला. "जावाईबापू, हे काय आहे सांगा पाहू."

मी उलटासुलटा करून पाहिला आणि आत्मविश्वासानं म्हटलं, "साबणाची डबी."

दुसरा कोणी असता तर हसला असता. तुम्ही स्टूल पुढे सरकवलं. "बसा. चहा येऊन राहिला." मग तुम्ही त्या माशाचे दोन भाग वेगळे केले. एका भागाच्या काठावर बारीक टोचे होते, दुसऱ्याच्या काठावर तेवढेच खळगे. एकात एक बसवले की दोन्ही भाग तसूभरही सरकत नव्हते. वरून लोखंडी चिमटा लावायचा, पातळ केलेलं चॉकलेट ओतायचं, हलवायचं, जास्तीचं परत ओतून घ्यायचं, थंड झालं की चिमटा काढायचा. आत चॉकलेटचा पोकळ मासा, खवल्यांसकट.

"चॉकलेटचा मासा? नागपुरात?" मी म्हटलं.

"काहून? नागपुरात साहेब नव्हते का? कामठीत अख्खी छावणी होती. त्यांच्या पोरांना नाताळात काय तिळगूळ देत होते?"

साहेब बोटीत बसून गेले आणि त्यांचे साचे राहिले बेकऱ्यांत, मग माळ्यांवर, मग भंगारात. तिथून तुम्ही ते वेचून आणायचे. ससे, कोंबड्या, अंडी, दाढीवाला म्हातारा, एक हत्ती, ज्याची सोंड मला शेपूट वाटली होती. बहुतेक जर्मनीत घडलेले, काही विलायतेत, आणि एक, ज्याच्याबद्दल तुम्ही शेवटपर्यंत खात्रीनं बोलायला तयार नव्हता. "हा कलकत्त्याच्या कोण्या लोहारानं जर्मन साचा पाहून ठोकला असंल. नाक पाहा, आपल्याकडचं आहे."

आणि गंमत म्हणजे तुम्हाला चॉकलेट आवडत नव्हतं. तोंडात चिखल झाल्यासारखं होतं म्हणायचे. मग हा नाद कशाचा, हे मी बरेचदा विचारलं. तुम्ही उत्तर दिलं नाहीत, साचाच दाखवलात. "बाहेरून पाहू नका. बाहेरून सारे डबड्यासारखेच दिसतात. आतून पाहा." साच्याचं सगळं कसब आत असतं. चॉकलेटला चकाकी येते ती आतल्या गुळगुळीतपणामुळे. म्हणून कारागिरानं सगळा जीव ओतलेला असतो तो कुणाला न दिसणाऱ्या बाजूला.

एकदा तुम्ही मला सशाच्या साच्याचा आतला खोलगट भाग समोर धरायला लावलात. "एक डोळा मिटा. आता पाहत राहा." पाहता पाहता तो खळगा उलटला, दादा. आत गेलेला ससा बाहेर आला, फुगला, आणि मी मान हलवली तशी त्यानंही माझ्यामागं मान वळवली. मी दचकून डोळा उघडला, तर परत खड्डा. मी आपला भूगोलाचा मास्तर, मुलांना डोंगर आणि दऱ्या शिकवण्यात हयात गेली. दरीचा डोंगर होताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मग दुसरा साचा मागितला, मग तिसरा. घरी पोहोचलो तेव्हा मंदानं विचारलं, "डोळा काहून सुजला?"

त्या दिवसापासून मी रविवारचा बांधील झालो, मंदाला घेऊन तुमच्या घरी.

तुम्ही मला लोहचुंबक दिलात. पत्र्याचा साचा चुंबकाला चिकटतो, पांढऱ्या धातूचा चिकटत नाही. कल्हई ओळखायला शिकवलीत. जुनी कल्हई राखाडी, जराशी मऊ, कुठे कुठे आतलं तांबूस-काळं डोकावणारी. नवे साचे, शोभेसाठी बनवलेले, एकसारखे चकचकीत. "फार सुंदर दिसला की समजायचं, नकली आहे," तुम्ही म्हणायचे, आणि नेमकी त्या वेळी मंदा चहा घेऊन आलेली असायची. काठावर ठोकलेला नंबर डोळ्याला भिंग लावून वाचायचा. साच्याच्या दोन्ही भागांवर एकच नंबर असतो. वेगळा निघाला तर जोडी नंतर कुणीतरी जुळवलेली.

धोंड्याच्या महिन्यात तर तुम्ही कमालच केलीत. जावयाला जाळीदार पदार्थ द्यायचे, अनारसे, म्हैसूरपाक, अशी रीत. तुम्ही ताटात दोन अनारसे ठेवलेत आणि मधोमध तुमच्याकडे जास्तीचा असलेला कोंबडीचा साचा. मंदा रागानं लाल झाली. "दादा, जावयाले कोणी भंगार देते का?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "त्याच्या कल्हईले जाळी पडली आहे वं. चालते." ती कोंबडी माझ्या टेबलावर आहे. मी तिच्यात खडू ठेवतो.

आणि मग तो अर्धा साचा आला.

कामठीच्या एका भंगारवाल्याकडून तुम्ही तो आणलात. एकच भाग, पाठीचा. म्हणजे पुढचा चेहरा कोणाचा ते कळायला मार्ग नाही. तुम्ही पहिल्या मिनिटात निकाल दिलात: ससा. गोल पाठ, खाली जरा रुंद, बसलेला, आणि वर दोन कान. कान मात्र बाकीच्या सशांसारखे उभे नव्हते. दोन बाजूंना कलले होते, आखूड, गोलसर. मी म्हटलं, "दादा, हे घुबड आहे. हे कान नाहीत, डोक्यावरची पिसं आहेत. आणि हे पाठीवर मिटलेले पंख."

"माझ्या घरात घुबड?"

"तुमच्या घरात हत्ती आहे, म्हातारा आहे, घुबड का नको?"

"बापू, साहेब लोक ईस्टरले ससे खातात. घुबड खाताना पाह्यलं का कोणाले?"

"तुम्ही सशाच्या पाठीवर पंख पाहिले का कधी?"

"पंख नाही ते. साच्याले पोचा पडला आहे."

वाद असा जुंपायचा. पण मी जावई, आणि तुम्ही थोरले मेहुणे. आवाज चढवायची सोय नाही. म्हणून तुम्ही वादाच्या आधी माझ्यापुढं नानखटाई ठेवायचे. जावयाला उपाशी भांडायला लावणं तुमच्या नियमात बसत नव्हतं. कामठीची ती नानखटाई, वरून तडकलेली, जिभेवर ठेवली की विरघळणारी. तिच्यासाठी मी घुबडाची बाजू जरा जास्तच लावून धरली असेन. तेही आज सांगून टाकतो.

तुम्ही दुसऱ्या भागाच्या शोधात दर काही दिवसांनी कामठीला जायचे. तो अर्धा मात्र कधी बरोबर न्यायचे नाहीत. शेअर ऑटोच्या धक्क्यानं कल्हई उडाली तर? जाऊन विचारायचे आणि परत यायचे. आल्यावर मंदा खवचटपणे विचारायची, "मिळालं का तोंड?" तुम्ही म्हणायचे, "मिळंल. ससा कुठं पळून चालला?"

शेवटच्या रविवारी तुम्ही पलंगावर होता. दुकानात जाणं बंद झालं होतं. आवाज बारीक झाला होता, पण मला पाहिल्याबरोबर बोट वर केलंत. "बापू, आता तरी ससा म्हणा."

मी म्हटलं, "पुरावा दाखवा."

तुम्ही हसलात. "आणतो," म्हणालात. पुढच्या रविवारी मी आलो तेव्हा दारात चपलांची गर्दी होती.

बोलायच्या गोष्टी पुष्कळ राहिल्या, पण त्या दोन पुरुषांत तशाही बोलल्या गेल्या नसत्या. माझ्या डोळ्यांचा नंबर बदललाय असं वाटतंय. वर्तमानपत्र लांब धरावं लागतं. दुसऱ्या कोणाकडे तपासायला जावंसं वाटत नाही. 'हे स्पष्ट की ते स्पष्ट' असं तुमच्याशिवाय कुणी विचारलं, तर मी काय सांगू कोण जाणे.

तेरवी झाली. प्रशांतनं साच्यांची पेटी माझ्या स्कूटरवर ठेवली. "काका, हे तुमच्याचकडे राहू द्या. घरात समोर दिसलं की आई सारखी रडते." पेटी आमच्या दिवाणाखाली गेली. आणि मंदाचं सुरू झालं. येणाऱ्या प्रत्येकाला, फोन करणाऱ्या प्रत्येकाला ती घाटाची गोष्ट सांगायची. "दादा सशासाठी थांबला होता. यांनी ससा म्हटलं आणि कावळा शिवला पाहा. सुटला माझा भाऊ." सांगताना तिचा चेहरा स्वस्थ असायचा. तुम्ही गेल्यापासून तिला तेवढीच एक गोष्ट धड मिळाली होती, आणि ती माझ्या तोंडून निघालेल्या, मलाच न पटलेल्या एका वाक्यावर उभी होती.

म्हणून एका दुपारी ती वहिनींकडे गेलेली असताना मी पेटी उघडली. शब्द दिला होता, तेव्हा निदान प्रामाणिकपणे ससा पाहायचा प्रयत्न करावा म्हटलं. अर्धा साचा खिडकीशी धरला, एक डोळा मिटला. पाठ फुगली, बाहेर आली. ससा काही दिसेना. मग वाटलं, आपलं जुनं घुबड तरी पाहू. तर दादा, घुबडही गेलेलं! एकदा मागं घेतलेलं घुबड परत येत नाही, याची मला कल्पना नव्हती. समोर नुसती एक पाठ होती, नाव नसलेली. इतकी वर्षं मी ती कधी तशी पाहिलीच नव्हती. काय असेल बरं हे? तुमच्यानंतर पहिल्यांदाच मला कशाबद्दल तरी कुतूहल वाटलं, आणि वाटलं त्याची जरा लाजही वाटली.

रविवारी मंदाला सांगितलं, बल्ब आणायला जातो. साचा जुन्या टॉवेलात गुंडाळला, पिशवी पोटाशी धरली आणि कामठीच्या शेअर ऑटोत बसलो. खड्डा आला की मी पिशवी वर उचलायचो. शेजारच्या बाईनं विचारलं, "दही आहे का?"

भंगारवाल्यानं छावणीच्या बाजूची एक जुनी बेकरी सांगितली. आता तिथं टोस्ट, खारी आणि नानखटाईच मिळते. काउंटरवर साठीच्या एक बाई होत्या, फिलोमिनाबाई. सासरची बेकरी, नवरा गेल्यावर त्याच चालवतात. त्यांनी विचारलं, "क्या देऊँ?" आणि मी अडलो. मागायचं काय? सशाचा साचा म्हणायला मन घेईना. घुबड मी सोडून दिलेलं, आणि शिवाय काउंटरवरच्या अनोळखी बाईसमोर जाऊन 'उल्लू' म्हणणं शोभलं नसतं. काहीच म्हणता येईना, म्हणून टॉवेल सोडला आणि साचा तसाच काचेवर ठेवला.

त्यांनी तो उचलला. उलटा केला. "अरे, ये आपके पास कैसा आया?" आणि आत गेल्या. बाहेर आल्या त्या हातात मैद्यानं पांढरंफटक काहीतरी घेऊन. "ये इसका आगे का. मेरा माप है."

दादा, खोटं नाही सांगत. मी तिथंच पिठाच्या पोत्यावर टेकलो.

त्या म्हणाल्या, "एक चष्मेवाले काका आते थे नागपूर से. हर बार पूछते थे, खरगोश का साँचा है क्या? मैं हर बार बोलती थी, नहीं है. खरगोश तो नहीं ही है ना. बेचारे नानखटाई लेके चले जाते थे."

कळलं का, दादा? तुम्ही सशाचं नाव घेऊन गेलात, म्हणून रिकाम्या हातानं परत आलात. मी गेलो असतो तर घुबडाचं नाव घेऊन गेलो असतो आणि कदाचित बाहेरच काढला गेलो असतो. आणि आपण ज्या तोंडाच्या नावानं भांडत होतो, त्याच तोंडानं मोजलेल्या मैद्याची नानखटाई भांडता भांडता खात होतो. दर रविवारी. तुम्ही इथे असता तर ताबडतोब माझ्या हातावर टाळी दिली असती. मी फिलोमिनाबाईंकडे बघून हसलो, तर त्यांना वाटलं मला चक्कर येतेय. त्यांनी पाणी दिलं.

मी म्हटलं, ते चष्मेवाले काका माझ्या बायकोचे भाऊ, आणि ते आता नाहीत. त्यांनी छातीवर क्रूस काढला. पण साचा काही सोडेनात. "दो भर के मैदा, एक भर के शक्कर, आधा घी. सास ने ऐसा ही सिखाया. ये दे दिया तो मैं नापूँगी किसमें?" खरंच होतं. वाटी देऊ केली, लहान पडली. डाव लांबट निघाला. मग आम्ही दोघं त्यांच्या स्वयंपाकघरात शिरलो आणि सगळी भांडी बाहेर काढली. त्या साचा मैद्यानं भरायच्या, बोटानं सपाट करायच्या आणि मी पुढे केलेल्या भांड्यात ओतायच्या. कप कमी पडायचा, मग जास्त व्हायचा. डब्याची झाकणं झाली, पेले झाले. गिऱ्हाईक बाहेरून हाका मारत होतं. शेवटी एक पोचे पडलेलं फुलपात्र सापडलं, त्याच्या काठाखालच्या रेघेपर्यंत मैदा नेमका आला. त्यांनी तीनतीनदा ओतून खात्री केली, तुमच्याइतक्याच संशयानं. मग साचा झटकला, पदरानं पुसला आणि माझ्या हातात दिला. "देखो अब. इतने साल में मैंने इसका मुँह नहीं देखा ठीक से."

मी काठ पाहिला. नंबर तोच. टोचे खळग्यांत बसले, चट्कन आवाज आला, आणि दोन्ही अर्धे एक झाले. मग पुढचा भाग वेगळा करून उजेडाकडे धरला आणि आत पाहिलं.

ससा नाही, दादा. घुबडही नाही. एक मुलगी आहे. पाच-सहा वर्षांची असेल, ठोकळ्यावर बसलेली, गालांचे दोन फुगे, झालरीचा झगा. आणि ते तुमचे कान, माझी पिसं, ती तिच्या केसांत मागे बांधलेली रिबीन आहे. मोठं फूल करून बांधलेली रिबीन, दोन पाकळ्यांची. पंख म्हणत होतो ती झग्याच्या पट्ट्याची गाठ. पोचा नव्हता तो. तिच्या मांडीवर हात एकत्र आलेले आहेत आणि हातांत काहीतरी आहे, पण काय ते कळत नाही. इतकी वर्षं मैद्याच्या पिंपाच्या तळाशी घासून घासून नेमका तेवढाच भाग चेपला आहे.

परत येताना मी आनंदात असायला हवं होतं. होतोही, कामठीचा पूल येईपर्यंत. मग मंदा आठवली. 'यांनी ससा म्हटलं आणि सुटला माझा भाऊ.' आता मी घरी जाऊन काय सांगणार? की घाटावर मी जे बोललो ते खोटं होतं, आणि तो खोटेपणा आता माझ्या पिशवीत आहे, नंबरासकट? ठरवलं, पेटीत तळाशी ठेवून द्यायचं. मुकाट्यानं. तुमच्या-माझ्यात राहील.

दार मंदानंच उघडलं. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बल्ब आणायले गेले होते ना? मग शर्टाले मैदा कसा?"

मला कधीच काही लपवता आलेलं नाही, हे तुम्हाला तिच्याकडूनच कळायचं. मी पिशवी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. फुलपात्रापर्यंत.

तिनं दोन्ही भाग हातात घेतले. पाठ पाहिली, मग चेहरा, मग परत पाठ. मग म्हणाली, "इतके वर्षं दोघं माणसं एका पोरीच्या पाठीकडे पाहून राहिले, आणि एकाले ससा दिसला, एकाले घुबड. धन्य आहे तुमची."

मी हसलो. ती हसली नाही.

"म्हणजे घाटावर तुम्ही उगाच म्हटलं."

"तुझा चेहरा पाहून म्हटलं गं."

"मग दादा कशावर गेला? उगाच म्हटल्यावर?" तिचा आवाज चिरकला. "कावळ्याले काय समजते नाही समजते, ते मले नका सांगू. मले एवढं सांगा, तो मनात घेऊन गेला की नाही?"

दादा, तुम्ही कुठून तरी सांगाल, असं वाटून मी खिडकीबाहेरसुद्धा पाहिलं. मंदा साचा घेऊन उठली आणि उजेडात जाऊन उभी राहिली. बोट आत घालून त्या मुलीच्या गालावरून, झालरीवरून फिरवत राहिली. बोट मांडीशी थांबलं.

"इच्या मांडीवर काय आहे?"

"चेपलंय ते," मी म्हटलं. "टोपली असावी. अंड्यांची. साहेबांच्या पोरी ईस्टरला तशा टोपल्या घेऊन—"

"ससा आहे."

"मंदा, तिथं काहीच दिसत नाही."

"काहीच दिसत नाही, तर टोपली कोण्या डोळ्यानं पाह्यली तुम्ही?" ती माझ्याकडे वळलीसुद्धा नाही. साचा दोन्ही हातांत धरून म्हणाली, "ससाच आहे. पोरीच्या मांडीवर निजला आहे, म्हणून दिसून नाही राहिला. निजू द्या त्याले."